पाव्हण्याचा कर

मांडणीवरची वाटी खण्णकन फरशीवर पडली आणि गोल गोल फिरत राहिली. शालूनं धावत जाऊन ती पायानंच दाबली. मनू जराशी चाळवली, अंगठा तोंडात घातला आणि कुशीवर वळली. सुटले बाई, म्हणत शालू तिथंच भिंतीला टेकली. पोर दुपारी निजते तेवढाच एक तास तिचा स्वतःचा. त्या तासात धुणं वाळत घालायचं असतं, तांदूळ निवडायचे असतात, पण हल्ली ती नुसती बसून राहायची. दहा महिने एकटीनं घर ओढून अंगातलं बळ विहिरीसारखं उपसलं गेलं होतं. खाली गाळ तेवढा उरला होता.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. शेजारची हरणाबाई, हातात पेढ्यांचा पुडा.

"घे, तोंड गोड कर. इलायतेच्या सरकारनं पैसं परत धाडलं आमच्यास्नी!"

"हळू गं, पोरगी उठंल. कसलं पैसं?"

"अगं, घड्याळाचा कर!"

हरणाबाईचा नवरा बाळासो आणि शालूचा नाथाजी, दोघंही कारखान्यातले फिटर. साखरेची नवी यंत्रं यायची म्हणून कारखान्यानं दोघांना शिकायला ग्लासगोला धाडलं होतं. बाळासो जूनमध्ये परत आला. नाथाजीचं काम थोडं लांबलं होतं. 'बेंदराला नाही जमलं तर पंचमीला नक्की घरी,' असं त्याचं पत्र होतं. बैलांचा बेंदूर होऊन गेला. नागपंचमी आठ दिवसांवर आली होती. बाळासोबरोबर त्यानं शालूला एक मनगटी घड्याळ पाठवलं होतं. हरणाबाईलाही अगदी तसंच. एकाच दुकानातलं, एकाच दिवशी घेतलेलं.

हरणाबाई मांडी ठोकून बसली. "तिकडं म्हणं, वस्तू घेतली की तिच्यावर कर हायच. पर पाव्हणा आसला, आन् तीन म्हयन्याच्या आत देश सोडून चालला, तर त्याला त्यो माफ. दुकानदार कागद देतो. इमानतळावर सायबाला वस्तू दावायची, शिक्का घ्यायचा, कागद परत धाडायचा. झालं! चेक घरी."

"आनि हितं पेठंत इचारत्यात, वैनी, बिल लावू का बिनबिलाचं दिऊ?" शालूला हसू आलं.

"तर! बँकेतला कारकून म्हणला, बाळासो, कर घेणारं सरकार लय बघितलं, देणारं पैल्यांदाच बघतोय." हरणाबाई उठली. "तुझ्या बिलातबी कागद आसंल बघ. नाथाजी भावजी आलं, की तुमचंबी पेढं आमाला."

ती गेल्यावर शालूनं देवघरातल्या पोथीखालून बिल काढलं. घड्याळ आलं त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू लावलं होतं, आणि बिलावर नाथाजीची सही होती म्हणून बिलालाही. सातवीपर्यंतच्या इंग्रजीवर तिनं अक्षरं लावली. तारीख आठ जून. खाली कराचा आकडा. मागं काही नाही, आत काही नाही. तिनं पोथी झटकली, देवांचं वस्त्र उचलून बघितलं. मग स्वतःशीच म्हणाली, बिलच तेवढं दिलं असेल, कागद त्यांच्याजवळ असेल. पंचमीला येताना विमानतळावर दाखवायला.

पण घड्याळ तर इथं होतं. दाखवणार काय?

चार वाजता पाळी सुटली. मनूला कडेवर घेऊन ती हरणाबाईच्या दारात उभी राहिली. बाळासो मोरीत पाय धूत होता.

"भावजी, एवढं बिल बघता?"

त्यानं ओल्या बोटांनी बिल धरलं. कुंकवाचा ठिपका बोटाला लागला.

"ह्यात कागद न्हाई, वैनी."

"ते दिसलं मला. एकच दुकान, एकच दिस. तुमाला कागद दिला, मग त्यास्नी का न्हाई?"

बाळासो पाय पुसू लागला. पुसून कोरडे झालेले पायसुद्धा पुसत राहिला.

"अवं, सांगा की," हरणाबाई आतून म्हणाली. "पैसं बुडाल्यात का तिचं?"

"पैशाचं न्हाई गं." त्यानं पंचा खांद्यावर टाकला. "दुकानदारानं इचारलं, कवा निघणार? म्या म्हणलं, ह्याच म्हयन्यात. माझा कागद झाला. मग नाथाजीला इचारलं. म्या त्याला कोपरानं ढोसलं. म्हणलं, गड्या, दोन्ही घड्याळं मीच नेतोय, माझ्याच नावावर लिवू दे, चार पैसं वाचतील. तर म्हणला, खोटं कशाला? मी पाव्हणा न्हाई. मी हितंच ऱ्हाणार, मी कर भरतो."

"पंचमीला येतो म्हणून लिवलंय त्यांनी."

"लिवलंय खरं. पर मे म्हयन्यातच तिथल्या कारखान्यात नोकरी धरलीय त्यानं, वैनी. तुमाला न्यायचं म्हणतोय. पर कवा, ते त्याचं त्यालाबी ठावं न्हाई. माझं मीच सांगीन म्हणून त्यानं मला शपथ घातली हुती."

हरणाबाई चहाचा कप घेऊन दारातच थबकली. आता तिला दुपारच्या पेढ्यांचंही ओशाळं वाटत असावं.

शालूला रडू आलं नाही. रडायलाही अंगात काही लागतं. तिनं बिलाची घडी पहिल्यासारखीच घातली, कुंकू आत जाईल अशी. चार पैशांसाठी परक्या दुकानदाराशी ज्याला खोटं बोलवलं नाही, तो माणूस तिनं नीट ओळखला. तो तिचाच होता. घरी पत्र लिहायला बसला तो कोण, तेवढं तिला कळेना.

"च्या तरी घे," हरणाबाई म्हणाली.

"नळ यायचा हाय," शालू म्हणाली आणि निघाली.

नळ येऊन गेला होता. दारातली घागर रिकामी. तिनं मनूला उंबऱ्यावर टेकवलं आणि शेजारी बसली. कडेवर बसून पोरीनं सगळं ऐकलं होतं. ती आईच्या मनगटावरच्या घड्याळाशी चाळा करत राहिली.

"आई, बाळासोकाका तिकडं पाव्हणं हुतं?"

"व्हय."

"बाबा न्हाईत?"

शालूनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. फ्रॉकचं सुटलेलं बटण लावलं.

मनूनं जरा विचार केला.

"मग बाबा हितं आलं, की आपल्याकडं पाव्हणं व्हनार का गं?"