व्हर्लीनताईची किल्ली

व्हर्लीनताई दर रविवारी चार म्हाताऱ्यांना पिकअपमधून चर्चला नेते. दिवे-कुलपं सांभाळणारं मॉड्यूल बिघडून गाडी सुरूच होईना, तेव्हा शोरूमवाला म्हणाला, "आमच्या कंप्युटरशिवाय नवं चालणार नाही. त्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. गाडी विसरा."

"विसरते हं!" म्हणत ताईने भंगारातल्या तशाच पिकअपचं मॉड्यूल आणलं आणि रविवारी सकाळी पेकानच्या झाडाखाली बसवलं. आता त्याला किल्लीची ओळख पटवायची होती. त्यासाठी तीनदा किल्ली फिरवून दहा-दहा मिनिटं थांबायचं.

"नाहीच पटली तर?" तिची हत्यारं आवरत मी विचारलं.

"ढकलत नेऊ. देवाघरी जायला त्या शोरूमवाल्याची परवानगी लागते होय रे?"

किल्ली फिरवून तिने पाद्रीबाबांसारखं सुरात प्रवचन धरलं. सावलीत थांबलेल्या म्हाताऱ्या टाळ्यांनी साथ देऊ लागल्या. तिसऱ्यांदा डॅशबोर्डवरचा कुलपाच्या खुणेचा दिवा विझला आणि इंजिन गुरगुरलं.

"चढा गं! उशीर झाला तरी आज पुढच्याच बाकावर बसायचं."