एकटी धावत आली ती

“एकटा माणूस धावताना दिसला तर त्याच्या तोंडी बातमी असते, पोरी. घोळका धावताना दिसला तर समज, पळ काढलाय.”

बाबांचा तो आवाज अजून कानात आहे. गालीलातल्या आमच्या द्राक्षमळ्यात दगडी बुरूज होता, तिथून ते वाट राखायचे. आमच्या शास्त्रातल्या संदेष्ट्यानं डोंगरावरून सुवार्ता आणणाऱ्याचे पाय वाखाणले, तोंड नाही, हे त्यांचं लाडकं बोलणं. “तोंड काय, काहीही बोलेल. पायांवरच्या धुळीला खोटं बोलता येत नाही.” आई तेच जात्यावर गायची:

टेकाडाच्या माथ्यावर कोण येतं एकलं गं,
पाणी ठेव उंबऱ्याशी, पाय त्याचे धुऊ गं.

गावाची रीतच ती. धावत आलेल्याचे पाय आधी धुवायचे. पाय धुऊन घेतले की त्यानं बातमी सांगायचीच, पोटात ठेवायची नाही.

त्या वर्षी वल्हांडणाच्या सणाला माझी विधवा वहिनी केसिया यरुशलेमला गेली, नासरेथच्या गुरूमागून चालणाऱ्या बायकांबरोबर. सण सरत आला तशी बाबांनी बुरुजावरून हाक दिली, “तिर्सा, पाणी ठेव. केसिया येतेय. एकटी, धावत.”

टाचा फाटलेल्या, घोटे काट्यांनी ओरबाडलेले. मी परात पुढे सरकवली, तर वहिनीनं पाय झग्याखाली ओढून घेतले.

“नको, वन्सं.”

“मग धावलीस कशाला?” बाबांनी विचारलं. “लांडगा लागला होता मागे?”

“तहान लागली होती, मामंजी.”

“वाटेतल्या विहिरी आटल्या वाटतं.”

तिनं परात उचलून बाजूला ठेवली.

मागून सणाची माणसं परतली, माना खाली घालून, पाय ओढत. रोम्यांनी गुरूला वधस्तंभावर मारलं, म्हणाली. बाबांनी ऐकून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, “ही बातमी चालत आली. धावत आलेली वेगळी आहे.”

वहिनी पाणी भरायची, दळायची; आईची ती ओवी आली की गप्प व्हायची. द्राक्षं पिकली तोवर बाबांची नजर गेली, मग अंगातलं बळही. बुरूज सोडायला मात्र तयार नव्हते.

“वाटेवर कोणी?”

“कोणी नाही, बाबा.”

“नसणारच. येणारं केव्हाच घरात येऊन बसलंय. ते ऐकल्याशिवाय मला जायचं नाही.”

एका सकाळी त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या ओठांशी नेला, तर म्हणाले, “प्यायला नको. परातीत ओत. केसियाला बोलाव.”

वहिनी दारातच थबकली. “सासऱ्यानं सुनेचे पाय धुवायचे? गाव काय म्हणेल, मामंजी?”

“गाव म्हणेपर्यंत मी असतोय होय? बस.”

ती बसली. या वेळी पाय ओढून घेतले नाहीत. बाबांनी आंधळ्या बोटांनी तिची टाच चाचपली, बुजलेल्या भेगा, काट्यांचे वण, एकेक, जपून, अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू हातात धरावं तसं. मग पाणी ओतलं.

“‘जाऊन सांगा’ असं आम्हाला बजावलं होतं,” वहिनी म्हणाली. “भीती वाटली, मामंजी. अजून वाटते.”

“मलाही वाटतेय. सांग.”

मळ्यात तेव्हा वारा होता की नव्हता, मला आठवत नाही. परातीतलं पाणी तेवढं थरथरत होतं.

“पहाटे आम्ही सुगंधी द्रव्यं घेऊन गुरूच्या कबरेवर गेलो,” ती म्हणाली. “तोंडावरची धोंड बाजूला होती. आत शव नव्हतं; पांढऱ्या झग्यातला एक तरुण होता, त्यानंच सांगा म्हटलं. गुरू मेलेल्यांत नाही, मामंजी. तो उठलाय.”