सगळ्यांचा श्वास अठरा

"सिस्टर, हे सकाळपासून माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत."

सात नंबरच्या खाटेवरच्या कंडक्टरांची बायको टेबलापाशी येऊन उभी होती. कंडक्टर निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी गर्दीवर ओरडायची सवय काही सुटली नव्हती. न्यूमोनिया होऊन आले तेव्हासुद्धा आख्खा वॉर्ड त्यांनी दणाणून सोडला होता.

"मग बरंच आहे की, मावशी!" थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "तेवढाच तुमच्या कानांना आराम."

"थट्टा नाही हो. चहा गार झाला होता, तरी गपचूप प्यायले. असं कधी होत नाही."

अकरा वाजले होते. अडतीस पेशंट, दोन सिस्टर, तिसरी रजेवर, आणि दारात नव्या पेशंटची ट्रॉली. सिस्टरांचे गुडघे सकाळपासून बोलत होते. त्यांनी सात नंबरचा तक्ता ओढून पाहिला. नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, श्वास, शुद्ध, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. पाच झाले की डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचं. तीन वर्षांपूर्वी हा तक्ता आला, नव्याचे नऊ दिवस गेले आणि मग तोही इतर कागदांसारखा एक कागद झाला.

दहा वाजताची बेरीज दोन होती.

"आकडे ठीक आहेत, मावशी. थकले असतील, झोपू द्या."

मावशी गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही समाधान नव्हतं.

आता खरी गोष्ट अशी, की दहा वाजताचे आकडे थोरल्या सिस्टरांनीच लिहिले होते. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र दाखवतं, तापाचा आकडाही यंत्रच देतं. श्वास मात्र माणसाला मोजावा लागतो, छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट. अडतीस पेशंट म्हणजे अडतीस मिनिटं. एवढी मिनिटं आणायची कुठून? म्हणून त्या वॉर्डात सगळ्यांचा श्वास अठरा असायचा. छोटे डॉक्टर तर म्हणायचे, "आपल्याकडे मेलेला माणूससुद्धा मिनिटाला अठरा श्वास घेतो." सगळ्या हसायच्या, थोरल्या सिस्टरही. एके काळी याच सिस्टरांनी एका नव्या मुलीला न मोजता आकडा लिहिला म्हणून रडवलं होतं. पुढे दिवस असे आले, की कधी त्या स्वतःच अठरा लिहायला लागल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. अकरा वाजता त्यांनी आपल्याच हातच्या खोट्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

एक वाजता त्या सात नंबरपाशी गेल्या. कंडक्टर डोळे मिटून पडले होते. हाक मारली तर "उतरायचंय, उतरायचंय" असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी घड्याळ समोर धरलं. अर्ध्या मिनिटातच पंधरा झाले. त्या थांबल्या नाहीत, मिनिट पुरं केलं. एकतीस.

बेरीज अकरा आली.

मग धावपळ झाली. डॉक्टर आले, ऑक्सिजन वाढवला, ट्रॉली ढकलत त्यांना वर अतिदक्षता विभागात नेलं. छोटे डॉक्टर जाता जाता म्हणाले, "बरं झालं तुम्ही पाहिलंत, सिस्टर." ते शब्द चटका लागावा तसे लागले.

दोनला ड्यूटी संपली. सिस्टर घरी गेल्या नाहीत. टेबलापाशी बसून त्यांनी तक्ता उघडला, दहा वाजताच्या अठरावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'मोजले नव्हते'. खाली सही केली.

"अहो, हे काय करताय?" धाकटी सिस्टर घाबरलीच. "रिटायर व्हायला पाच महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागेल. कोण विचारणार होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लिहिलं."

चार वाजता त्या जिना चढून वर गेल्या. बाकावर मावशी एकट्याच होत्या, शेजारी कपड्यांची पिशवी.

"आत्ताच गेले," मावशी म्हणाल्या. "मुलगा निघालाय, पोचेल तासाभरात." मग त्यांनी सिस्टरांचा हात धरला. "तुमचे उपकार आहेत हो. तुमचं लक्ष होतं म्हणून निदान प्रयत्न तरी झाले."

सिस्टरांना वाटलं, गप्प बसावं. या बाईला एवढं तरी समाधान असू द्यावं. पण तो हात काही सोसवेना.

"मावशी, सकाळी मी त्यांचा श्वास मोजलाच नव्हता. अंदाजाने लिहिला. तुम्ही सांगायला आलात, तेव्हाही मोजला नाही."

मावशींनी हात सोडवून घेतला.

"मोजला असता, तर वाचले असते?"

"माहीत नाही. उपचाराला दोन-तीन तास जास्त मिळाले असते. खोटं नाही सांगत, मला खरंच माहीत नाही."

"म्हणजे मी सांगत होते ते बरोबर होतं."

"बरोबर होतं. वॉर्डात सगळ्यांच्या आधी तुम्हालाच कळलं होतं."

मावशींचा चेहरा हलला. "बावन्न वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "आणि बावन्न वर्षं मला हेच ऐकवत आले, तुला काय कळतंय." एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. तोंडावर पदर दाबून त्या कितीतरी वेळ रडत होत्या. सिस्टर समोर उभ्याच होत्या. जावं, की थांबावं, त्यांना कळेना.

रडणं ओसरल्यावर मावशींनी नाक पुसलं. सिस्टरांकडे न बघताच त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

सिस्टर रिकाम्या जागेवर बसल्या.