दिवेलागणीचा चहा

पातेल्याच्या कडेला लावलेले बोट उत्तमरावांनी चटकन मागे घेतले. चहा अजून गरम होता. वर ताटली झाकलेली, शेजारी पालथा घातलेला कप. पश्चिमेच्या खिडकीची झडप बंद होती आणि तिच्या फटीत, थेट वरपासून खालपर्यंत, जुन्या लुगड्याची चिंधी नीट खोचलेली होती. ते त्या चिंधीकडे पाहत उभे राहिले. मग त्यांना जपानच्या कासाहारांचे पत्र आठवले, आणि त्याला आपण अजून उत्तर दिलेले नाही हेही आठवले.

पत्र येऊन वर्ष होत आले होते. प्राध्यापक कासाहारांचे अक्षर बारीक आणि इंग्रजी सरळ होते. पाहुणचाराबद्दल आभार मानून त्यांनी पुढे लिहिले होते :

‘निघायच्या आदल्या संध्याकाळी आपण वाचनालयात गेला होता. मी अंधारात अतिनील दिवा लावून तलावाचा चिखल तपासत बसलो होतो. तेव्हा आपल्या घरातल्या मुलीने मला चहा आणून दिला. ती हसली, आणि दिव्यात तिचे दात लाल उजळले. तिच्या बोटांवर वण होते. मी डॉक्टर नाही. पण रेणूंच्या ज्या वर्तुळाकार कड्याच्या अभ्यासात मी आयुष्य घालवले, तेच तिच्या शरीरात साचत असावे अशी मला भीती वाटते. दुर्लक्ष झाले तर बोटे झडतात, डोळे जातात. कृपया तिचे नाव आणि वय कळवा. माझे एक मित्र याच आजाराचे डॉक्टर आहेत. भारतात कोणाकडे जायचे ते सांगतील.’

उत्तमरावांच्या घरात मुलगी नव्हती. मेहकरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांची उमर गेली, लग्न राहून गेले, आणि निवृत्तीनंतर ते पुस्तकांसोबत एकटेच राहत होते. लाल दातांची, वणांच्या बोटांची एकच मुलगी त्यांनी पाहिली होती. त्यांची थोरली बहीण मनकर्णा, घरातल्यांची मना. ती याच घरात वारली तेव्हा ते चौथीत होते.

मनाला ऊन सोसत नसे. हातावर फोड येत, फुटत, पुन्हा येत. दिवसभर ती खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून बसे आणि दिवेलागणीला उठून चुलीपाशी येई. गल्लीतल्या बायका तिला पाहिले की पोरांना आत ओढत. ती कशाने गेली हे कोणी विचारले नाही. त्यांना ते कळले फार पुढे, कासाहारांचा एक शोधनिबंध वाचताना, आणि तेव्हाही आपल्याला नीट समजले आहे की नाही अशी शंका आलीच.

कासाहारांशी ओळखही निबंधांमुळेच झालेली. त्या काळी लेखकाला कार्ड टाकले की तो आपल्या निबंधाची प्रत पाठवी. उत्तमरावांनी भीतभीत एक कार्ड टाकले आणि पुढे तीस वर्षे जपानहून मेहकरला पाकिटे येत राहिली. पोर्फिरिन नावाच्या एका कड्याभोवती त्या माणसाचे सारे आयुष्य फिरले होते. चार तुकडे जोडून झालेले, अतिनील दिव्यात लाल उजळणारे कडे. मधोमध लोखंड बसले की रक्त लाल होते, मॅग्नेशियम बसले की पान हिरवे. निसर्ग चारांवर थांबला होता, कासाहारांना सहांचे, आठांचे कडे करायचे होते. कितीतरी वर्षे त्यांच्या हाती फक्त काळा डांबरासारखा गाळ लागला. मग एका सकाळी काचेच्या नळीतून रंगाचा एक पट्टा वेगळा उतरला, आणि जग त्यांना ओळखू लागले. म्हातारपणी ते लोणारला आले ते तलावाचे पाणी गुलाबी झाल्याचे वाचून. चिखल हातात घेऊन ते उत्तमरावांना म्हणाले होते, ‘पान मरते, पण त्यातले कडे चिखलात हजारो वर्षे टिकते. मेलेले सगळेच जात नाही.’

पत्र आल्यापासून उत्तमराव घराकडे लक्ष देऊ लागले. चिंधी दिसली. भिंतीकडे तोंड केलेला आरसा दिसला. मनाही आरसा असाच फिरवून ठेवी. हे सारे पूर्वीही होत होते की आपण आताच पाहू लागलो, हे त्यांना सांगता आले नसते. सकाळ-संध्याकाळ भाकरीला कलाबाई येत. पण बाई एकटी काम करत असताना आपण घरात बसावे हे त्यांना कधीच बरे वाटले नव्हते, म्हणून सकाळी ते अंगणात बसत आणि संध्याकाळी मागच्या दाराला नुसती कडी घालून वाचनालयात जात.

एकदा सकाळी त्यांनी धीर करून विचारलेही.

“कलाबाई, खिडकीत चिंधी तुम्ही लावता का?”

“मी काऊन लावू? मले तं उजेड लागते.” कलाबाईंनी परातीतून मान वर केली नाही. “उंदीर आनत असन.”

“उंदीर आरसा फिरवतो?”

“सर, तवाच लगन केलं असतं तं बरं झालं असतं. घरात कोन हाय अन् कोन नाही, हेबी समजेना आता तुमाले.”

ते ओशाळून हसले. पण त्या दिवसापासून बाहेर पडताना ते ओट्यावर गुळाचा खडा ठेवू लागले. मनाला गूळ आवडे. परत आल्यावर खडा नसे. पत्राला उत्तर द्यायचे तर ती कोण होती ते लिहावे लागणार होते, आणि एकदा लिहिले की ती यायची थांबेल असे त्यांना वाटे. बोटे झडतात, ही ओळ वाचताना ते पान उलटत. मेलेल्या माणसाची बोटे कशी झडतील?

माघातल्या एका संध्याकाळी वाचनालय बंद निघाले. कोणी जुने सभासद गेले होते. उत्तमराव परत फिरले. घरात आले तेव्हा आतून भांड्याचा आवाज आला. कलाबाई असतील, आता आत कसे जावे, म्हणून ते बाहेरच्या खोलीत अंधारात खुर्चीवर अवघडून बसले. मावळतीची एक रेघ स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडली होती. बघता बघता ती वरून बारीक होत गेली, आणि मिटली. कोणीतरी फटीत चिंधी कोंबत होते.

टेबलावर कासाहारांनी जाताना ठेवलेला छोटा अतिनील दिवा होता. तो उचलून ते दारात गेले.

“मना?”

पाठमोरी आकृती वळली. त्यांनी खटका दाबला. ओढणीने कपाळ, गाल झाकलेले. दचकून उघडलेल्या तोंडात दात पेटत्या निखाऱ्यासारखे लाल उजळले.

“सर, तो दिवा बंद करा ना! आग होते मले.”

त्यांनी दिवा विझवला.

“मी समता. कलाबाईची.”

“कलाबाईंची मुलगी तर दुसरबीडला मामाकडे असते.”

“हाव. आई समद्याइले तसंच सांगते.” ती भिंतीला टेकली. “सांजच्याले आईले खानावळीत पोया लाटा लागतात. मंग इथलं मी करते. तुमी घरी नसता न, म्हून. तिले सांगू नका सर. रुपालीचं, माह्या लहान बहिनीचं, जमून राह्यलं अमडापूरले. माह्यं समजलं तं मोडन.”

डोळे अंधाराला सरावले तशी उत्तमरावांना तिची बोटे दिसली. उजव्या हाताच्या दोन बोटांना टोके नव्हती.

“तो गूळ तुमी माह्यासाठीच ठेवत होते न?”

ओट्यावर आजचा खडा तसाच होता.

“हो,” ते म्हणाले. “खात जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाची वेळ नसतानाही त्यांनी चपला घातल्या, काढल्या, आणि शेवटी पत्र घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. कलाबाईंनी सगळे ऐकून घेतले. आधी रागावल्या, मग परात बाजूला सारली.

“कोनाले सांगतलं तुमी?”

“कोणालाच नाही. पण सांगायला हवं. तिची बोटं जातायत, कलाबाई. पुढे डोळे जातील.”

“रुपालीचं लगन होऊ द्या. मंग पाहू.”

“माझ्या बहिणीचंही असंच मग पाहू झालं.” आपला आवाज चढला हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते वरमले. “हा आजार आहे. या आजाराला नाव आहे.”

“नाव हाय?”

“आहे.”

कलाबाई जमिनीवर बसल्या. पदर तोंडाला लावला. “मंग बाहेरचं नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मी लिंब उतरवू उतरवू थकली, सर.” मग डोळे पुसून उठल्या. “लिवा त्या पाव्हन्याले. अमडापूरवाल्याइचं मी पाह्यते.”

त्या संध्याकाळी दार-खिडक्या लावून, लहानसा दिवा लांब ठेवून उत्तमराव लिहायला बसले. समता दाराशी बसली होती. नाव लिहिले. वय विचारून लिहिले. फोड कधीपासून, बोटे कधी गेली, ती सांगत होती आणि ते एकेक वाक्य दोनदा तपासून उतरवत होते.

“प्रोफेसरांना तू चहा दिलास तेव्हा त्यांनी तुझे हात पाहिले. तेव्हा ही बोटं होती का?”

“कोन्या प्रोफेसराले?”

“जपानचे पाहुणे. मागच्या माघात राहिले होते इथे. चिखल घेऊन बसले होते, ते.”

समताने मान हलवली. “मी तवा दुसरबीडलेच होती, सर. खरंच मामाकडं. मी तं दिवाळीले आली इकडं. जपानचा मानूस मी कदीच नाही पाह्यला.”

उत्तमरावांचे पेन कागदावर टेकलेले राहिले. शाईचा ठिपका हळूहळू मोठा झाला. आतल्या खोलीत काही वाजले नाही, काही हलले नाही.

“काऊन, काय झालं?”

“काही नाही.”

जन्मभर त्यांनी खात्री नसलेले एक वाक्यही कागदावर ठेवले नव्हते. त्यांनी पेन उचलले आणि एका दमात लिहिले, ‘आपल्याला चहा देणारी मुलगी हीच.’ खाली सही केली. तपासून पाहिले नाही.

समताने पाकिटावर तिकिटे चिकटवली. बाहेर अंधार पडला होता. तिने ओढणी नीट केली आणि दोघे चौकापर्यंत चालत गेले. पत्रपेटीपाशी आल्यावर उत्तमरावांनी पाकीट तिच्या हातात दिले. तिने ते आत सोडले, आणि तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत दोघेही थांबले.