आजचा शब्द : भिक्खू

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, सागवानी फळ्या जोडून, काळा रंग देऊन मला नायगावच्या नाक्यावर वाचनालयाच्या भिंतीला टांगले. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत सभा, मोर्चे, हरताळ सगळे आधी माझ्या अंगावर उमटत. लोक म्हणत, "फळ्यावर आलंय, म्हणजे खरं." मी कौतुकाने फुगत असे.

अक्षर वाचनालयाचे चिटणीस जयवंतराव यांचे असे, नाजूक, मोत्यासारखे. सत्तावन्न साली एका शुक्रवारी त्यांनी लिहिले, 'आजचा शब्द. भिक्खू : भिकारी.'

समोरच्या चाळीतले गिरणीकामगार बुधाजी आदल्याच वर्षी बौद्ध झाले होते. रविवारी त्यांच्याकडे भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू, यायचे होते. चाळीच्या चौकात पहिलीच वंदना व्हायची होती. ती ओळ वाचून ते मुलीला म्हणाले, "शकू, खोलीतच उरकू. उगाच हसं नको."

मी आतून जळत होतो. माझ्यावरचा विश्वास एका खडूने नासवला होता.

शनिवारी सकाळी शकूने वाचनालयातला कोश काढला आणि माझ्यावर खडू दाबून दाबून लिहिले, 'भिक्खू : पाली शब्द. संस्कृतात भिक्षु. मुळात, वाटा मिळावा अशी इच्छा करणारा. म्हणून भिक्षेवर जगणारा साधू. उदाहरणे : १. उद्या येणारे भंते. २. जयवंतरावांचे चिरंजीव, परवाच्या मुंजीत, चांदीची वाटी घेऊन.'

नाक्यावर हशा पिकला. मासे विकणाऱ्या राधाबाईंनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "काय जयवंतराव, पोराला भीक किती मिळाली?"

"भिक्षावळ होती ती! शास्त्र असतं!"

"मग त्यांचं काय नाटक असतं?"

जयवंतरावांनी ओल्या फडक्याने मला खसाखसा पुसले. मी काळाभोर झालो आणि ते निर्धास्त घरी गेले. पण मित्रांनो, ओला फळा खोटे बोलतो. ओलाव्यात खडू दिसत नाही. वाळला की पांढरा होतो. जयवंतरावांची हलकी ओळ निघून गेली होती. शकूची माझ्या रंगात रुतली होती. ती मी सोडली नाही.

रविवारी उन्हात ती शब्दन् शब्द वर आली. बुधाजींनी ती उभ्याने दोनदा वाचली, आणि सतरंजी चौकात अंथरली. जयवंतराव त्यानंतर महिनाभर पलीकडच्या गल्लीने जात.

आता मी जिन्याखाली पडलो आहे, वाळवी लागली आहे. मला रंग द्या, न द्या. पण फळ्यावर लिहिताना सांभाळा. काही ओळी आम्ही सोडतो, काही धरून ठेवतो. कोणाच्या, ते आम्ही ठरवतो.