शपथ कोणाच्या नावानं?

"अवो, हा तोच हाय! टोपी तेवढी नवी घातलीय," गावदेवाच्या मांडवात शिरता शिरता जिवली नवऱ्याला, दामूला म्हणाली.

माणूस तोच होता. औषधकंपनीचा हरेश. दोन वर्षांमागं पिवळी टोपी घालून तो शेणवे गावात आला आणि भातावरच्या तुडतुडे किडीचं औषध गळ्यात मारून गेला. तुडतुडे मजेत राहिले, खाचरातले खेकडे तेवढे पटापट मेले. पावसाळाभर कालवणाची बोंब झाली. गावानं चिडून गावदेवापुढं नारळ फोडला, त्या कंपनीची बाटली वेशीच्या आत आणायची नाही म्हणून शपथ घेतली आणि दुसऱ्या कंपनीचं औषध धरलं. ते बरं निघालं.

यंदा भात पोटरीत आलं, लोंब्या फुटायच्या बेतात आल्या आणि दामूच्या खाचरात पुन्हा तुडतुडे पडले. आता हरेश त्या दुसऱ्या कंपनीची हिरवी टोपी घालून आला होता.

"ती पिवळी कंपनी राहिलीच नाय, मामा. आमच्या हिरवीनं विकत घेतली. तुमची शपथ सुटली."

"आन तिचं औषध?" जिवलीनं विचारलं.

"तेच हाय, मावशी. बाटली नवी."

"मग हिरवीचं चांगलं होतं, ते?"

"ते बंद केलं. दोन दोन कशाला ठेवायची?"

काय ही अक्कल! दोन औषधांतलं नेमकं कुचकामाचं निवडून ठेवायला केवढे शिकलेले लोक बसले असतील!

"शपथ सुटली ना? मग देवावर हात ठेवून सांग," जिवली म्हणाली.

"मी नोकर माणूस. कंपनीला विचारायला लागल."

"तिलाच आण. हात हायेत का तिला?"

मांडव हसला. हरेशनं पिशवी उचलली.

पण हसण्यानं तुडतुडे मरत नाहीत. दामू शहापूर फिरला, मुरबाड फिरला. दुकानोदुकानी तीच बाटली. शेवटी तीच घेऊन तो वेशीवर आला. गावदेवाच्या भगतानं, चांगोनं अडवलं.

"शपथ मोडलीस. कोंबडा द्यायला लागल."

दामूबरोबरची जिवली भडकली. "विकत घेतली त्यांनी, बंद केलं त्यांनी, आन दंड आमी भरायचा? त्यांच्या नावानं गाऱ्हाणं घाल!"

"घालतो. नाव सांग कंपनीचं."

दामूनं बाटली फिरवून नाव वाचलं. "आताचं सांगू, का दिवाळीनंतरचं? दुकानदार बोलला, हीपण कोणी घेतलीय, दिवाळीनंतर नाव बदलणार."

चांगोनं मान हलवली.

"देवाला पक्कं नाव लागतं, दामू. तुझंच घालतो."