खोक्यातल्या लॅपटॉपचे तीनशे बारा व्हायरस

रविवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तापातलं मूल दवाखान्यात आणावं तसे लोक मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. दोघांनी तर घरातला मोठा संगणकच चादरीत गुंडाळून आणला होता. समोरच्या टेबलामागे व्हायरसडॉक्टर उभा होता. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला दिली होती. कुठल्या कॉलेजातून मिळाली, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याने एक काळा पेनड्राइव्ह उंच धरला, डोळे मिटले आणि पुढ्यात बसलेल्या काकांच्या लॅपटॉपवरून हलकेच हात फिरवला. मग पेनड्राइव्ह आत खुपसला. पडदा लाल झाला, चित्रविचित्र नावं सरसर खाली धावू लागली आणि कोपऱ्यातला आकडा चढत गेला. चाळीस, एकशे दहा, दोनशे सत्तर.

"काका, तुम्ही अपडेट करत होता ना?" डॉक्टरने हळू आवाजात विचारलं.

"हो. लॅपटॉप सांगेल तेव्हा करायचो," काका ओशाळून म्हणाले.

"तिथंच घात झाला. अपडेट म्हणजे दार उघडणं. दारातून वारा, वाऱ्याबरोबर धूळ आणि धुळीत व्हायरस. मी दारच बंद करून टाकतो. आणि व्हायरस पकडायला कंपनीने आत बसवून दिलेला तो पहारेकरी आहे ना, तो चोरांना सामील असतो. त्याला आधी घरी पाठवू."

त्याने चार बटणं दाबली. आकडा उतरत उतरत शून्यावर आला, पडदा हिरवा झाला आणि हॉलभर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षाची वर्गणी भरली की प्रत्येकाला एक काळा पेनड्राइव्ह मिळे. त्याचं नाव कवच. तो संगणकातून कधीच काढायचा नाही, अशी सक्त ताकीद असे.

शेवटच्या रांगेत लॅबवाल्या मावशी बसल्या होत्या. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. या प्रकारात कुठंतरी पाणी मुरतंय हे त्यांना केव्हाच कळलं होतं. तरी त्या तोंडातून अवाक्षर काढत नव्हत्या, आणि त्याला कारण होतं गुरुवार.

दर गुरुवारी चार वाजता डॉक्टर त्यांच्या घरी येई. "मावशी, तुमची केस अवघड आहे, दर आठवड्याला बघावं लागेल," असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पाच मिनिटांत पडदा हिरवा करून तो खुर्चीत टेकायचा, चहाचा कप हातात घ्यायचा आणि विचारायचा, "मग, पुढं काय झालं त्या हट्टी पेशंटचं?" मावशी प्रयोगशाळेतल्या गोष्टी सांगत बसायच्या. उरलेल्या सहा दिवसांत त्यांना कोणी काही विचारत नसे. मुलगा लांबच्या शहरात होता. "बरी आहेस ना? औषधं घेतेस ना?" दोनदा हो म्हटलं की फोन संपला. बुधवारी रात्रीच मावशी दोन न तडकलेले कप धुऊन पालथे घालून ठेवत.

शंका त्यांना दुसऱ्याच गुरुवारी आली होती. मधला आठवडाभर त्या सर्दीने पडून होत्या, संगणक सुरूच केला नव्हता, तरी आकडा नव्वदने वाढलेला. बंद संगणकात व्हायरस शिरले कुठून? प्रश्न ओठांवर आला आणि त्यांनी तो चहाबरोबर गिळून टाकला. गेल्या महिन्यात मुलाने नवा लॅपटॉप पाठवला, तोही त्यांनी चिकटपट्टी न काढता कपाटावर टाकून दिला होता. नवा सुरू केला तर जुन्याला तपासायला कोण येणार?

त्या आठवड्यात बुधवारी दुपारी पहिल्या मजल्यावरच्या भाषांतरवाल्या ताई जिन्यातच बसलेल्या दिसल्या. त्याही एकट्याच राहत. एरवी दोघी एकमेकींना "जेवण झालं?" एवढं विचारून आपापल्या किल्ल्या शोधायला लागत.

"दोन वर्षांचं काम गेलं, मावशी," ताई म्हणाल्या. "सबंध पुस्तकाचं भाषांतर. एक मेल उघडली आणि सगळ्या फायलींना कुलूप लागलं. पडद्यावर लिहून आलंय, पैसे पाठवा तर उघडू."

"दुसरी प्रत नव्हती ठेवली?"

"आधी ठेवायचे. डॉक्टर म्हणाले, कवच असताना प्रत कशाला हवी?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी डॉक्टरसमोर विषय काढला. त्याने शांतपणे चहावर फुंकर मारली. "त्यांनी चोरून अपडेट केलं असणार. कवचावर विश्वास नसला की असं होतं. जाऊ द्या, तुम्ही त्या हट्टी पेशंटचं सांगा."

डोकं दुखतंय म्हणून मावशींनी त्याला वाटेला लावलं आणि बराच वेळ त्या त्याच्या अर्ध्या राहिलेल्या कपाकडे बघत बसल्या. आपण वेळेवर बोललो असतो तर ताईंचं पुस्तक वाचलं असतं. तासभराच्या गप्पांसाठी आपण गप्प बसलो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

प्रयोगशाळेत त्यांचं रोज सकाळचं पहिलं काम ठरलेलं असे. यंत्रात रक्ताऐवजी शुद्ध पाणी घालून बघायचं. त्याला त्या कोरा नमुना म्हणत. पाण्यातही यंत्राला रक्त सापडलं, तर त्या दिवशी त्या यंत्राच्या एकाही रिपोर्टवर सही करायची नाही. मावशी स्टुलावर चढल्या, कपाटावरचं खोकं खाली घेतलं आणि चिकटपट्टी कापली.

नव्या लॅपटॉपला त्यांनी इंटरनेट जोडलं नाही. जुन्यातलं कवच काढून त्यात लावलं. लगेच पडद्यावर इशारा आला : अनोळखी प्रोग्राम, चालवू नका. जुन्या संगणकावर असा इशारा कधीच दिसला नव्हता, कारण तिथला पहारेकरी डॉक्टरने केव्हाच घरी पाठवला होता. लॅपटॉप रिकामा होता, जाण्यासारखं त्यात काही नव्हतं. मावशींनी प्रोग्राम चालवला. लाल पडदा, दोनशे चौदा व्हायरस. पुन्हा चालवला, चारशे एक. पाण्यात रक्त सापडलं होतं.

पुढच्या रविवारी त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. नवा लॅपटॉप जुन्या, विटक्या कापडी पिशवीत होता.

"माझा हा दुसरा लॅपटॉप आज इथंच बघा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने हात फिरवला, पेनड्राइव्ह लावला. इशारा आला तसा तो हसून लोकांकडे वळला. "बघितलंत? आतला व्हायरस मला अडवतोय. ओळखतो मला." आकडा चढला आणि तीनशे बारावर थांबला. "मावशी, ही चार वर्षांची वस्ती आहे. फोटोंमध्ये तर घर करून बसलेत."

मावशींनी दुसऱ्या पिशवीतून खोकं काढून टेबलावर ठेवलं आणि बाजूच्या काकांना म्हणाल्या, "यावरची तारीख जरा मोठ्याने वाचा."

काकांनी चष्मा सावरला. "दोन महिन्यांपूर्वी बनलाय."

"आता फोटो शोधा त्यात. एक जरी सापडला तरी सांगा." फोटो नव्हताच. मावशींनी पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. एकशे सहासष्ट. पुन्हा लावला. पाचशे तीन.

"हा प्रोग्राम काही तपासतच नाही," त्या म्हणाल्या. "मनाला येईल तो आकडा दाखवतो, खोटी नावं पळवतो आणि उलटं मोजत शून्यावर येतो. खरं काम याने एवढंच केलं, तुमचा पहारेकरी हाकलला आणि अपडेट बंद केले. भिंतीला भोक सापडलं की कंपनी ते बुजवते, त्याला अपडेट म्हणतात. आपली भोकं उघडीच राहिली. ताईंकडे चोर तिथूनच शिरला."

डॉक्टर त्यांच्याकडे वळला. त्याचा आवाज अगदी गुरुवारचा होता. "मावशी, तुम्हीसुद्धा? मी दर आठवड्याला येत होतो तुमच्याकडे."

"हो. म्हणून तर इतके दिवस लागले," मावशी म्हणाल्या.

लोक वर्गणी परत मागू लागले तसा तो बॅग उचलून मागच्या दाराने सटकला. दुपारपर्यंत मावशींनी एकेकाचा पहारेकरी परत कामावर घेतला, अपडेट सुरू करून दिले. "थँक्यू हं, मावशी," म्हणत जो तो आपापल्या घरी गेला. हॉलच्या खुर्च्या मावशींनीच रचल्या.

गुरुवारी चार वाजता सवयीने दोन कप निघाले. मावशी दोन्ही कप घेऊन खाली गेल्या आणि ताईंच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्याच गुरुवारी आपल्याला शंका आली होती, हेही.

ताई म्हणाल्या, "आज नको, मावशी." दार आवाज न करता बंद झालं.

जिन्याजवळच्या फलकावर मावशींचा कागद दुसऱ्या दिवशी लागला. त्यात लिहिलं होतं : अपडेट बंद करू नका. संगणकाचा स्वतःचा पहारेकरी चालू असला तर घरापुरता तो पुष्कळ आहे. वेगळा हवा असेल तर माहितीतल्या कंपनीचा एकच घ्या, दोन ठेवले की ते आपसातच भांडतात. कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कोणी शेकडो व्हायरस दाखवले तर त्याला आधी नवाकोरा संगणक तपासायला द्या.

खाली थोडी जागा सोडून, वेगळ्या पेनने, आणखी दोन ओळी होत्या : शेजारी कोणी एकटं राहत असेल तर त्यांच्याकडे अधूनमधून जाऊन बसा. आपण गेलो नाही तर दुसरं कोणीतरी जातं.